‘हश’ कोणी केलं? पोलीस ॲक्शननंतरची चुप्पी

इंग्रजीत ‘हश’ नावाचा एक लहानसा शब्द आहे. आपण ओठांवर बोट ठेवून ‘श्श’ करतो ना, तसाच आवाजातून जन्मलेला. मध्ययुगीन इंग्रजीत ‘हश्ट’ असा एक उद्गार होता, त्याचा अर्थ ‘गप्प’. त्यातला शेवटचा ‘ट’ भूतकाळाचा आहे असं लोकांना वाटलं, म्हणून सोळाव्या शतकाच्या सुमारास तो गळाला आणि उरलेल्या ‘हश’चं क्रियापद झालं. म्हणजे शब्द जन्मला तोच एका गैरसमजातून.

पुढे या शब्दाला बरीच पोरं झाली. रडणाऱ्या बाळाला थोपटून ‘हश’ करतात, तिथे तो आपला ‘उगी उगी’ असतो. तोंड बंद ठेवण्यासाठी दिलेला पैसा म्हणजे ‘हश मनी’, हा शब्दप्रयोग अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी गुपितांना ‘हश-हश’ म्हणू लागले. आणि एखादं प्रकरण दाबून टाकलं की ते ‘हश अप’ झालं. एकाच शब्दात आईही बसली आहे आणि सरकारही. मराठीत आपण असा घोळ करत नाही. आई बाळाला उगी करते, सरकार प्रकरण दडपतं. दोन्हीकडे आवाजच बंद होतो, पण त्यांची गल्लत करावी असं आपल्या भाषेला कधी वाटलं नाही.

मला या शब्दात रस आहे तो वेगळ्या कारणाने. ‘सायलेन्स’ ही एक अवस्था आहे, तिला कर्ता लागत नाही. रात्री शेतात शांतता असते, ती कोणी केलेली नसते. ‘हश’ मात्र कोणीतरी कोणाला तरी करतं. नांदेड आणि लातूरच्या मुसलमानांबद्दल ‘हे लोक अठ्ठेचाळीस सालावर बोलत नाहीत’ असं अभ्यासक म्हणतात, पत्रकार म्हणतात, आणि आता आपली कॉलेजात शिकणारी मुलंही म्हणू लागली आहेत. ते ज्याला मौन म्हणतात, ते सायलेन्स आहे की हश? आणि हश असेल तर तो कोणी केला?



मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांची कालगणना तुम्ही ऐकली असेल. ‘ॲक्शनच्या साली मी पाळण्यात होतो.’ ‘ॲक्शनच्या आधी तिचं लग्न झालं.’ हिंदू असो वा मुसलमान, गावात ‘पोलीस ॲक्शन’ हे दोन इंग्रजी शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यातही असे मुरले आहेत की ते परके वाटतच नाहीत. ‘पोलीसॅक्शन’ असा एकच शब्द होऊन गेला आहे.

खरं तर त्यात पोलीस नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कराच्या तुकड्या हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य फौज सोलापूरकडून आली, त्यात रणगाडे होते. पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल ताब्यात आला. मोहिमेचं लष्करी नाव होतं ऑपरेशन पोलो, आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल जे. एन. चौधरी पुढे संस्थानाचे लष्करी गव्हर्नर झाले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. एवढ्या सगळ्याला ‘पोलीस कारवाई’ म्हणण्यामागे कारण होतं. हैदराबादचं प्रकरण ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे गेलं होतं. युद्ध म्हटलं की ते दोन देशांमधलं होतं. पोलीस म्हटलं की घरातलं.

ही युक्ती दिल्लीने शोधलेली नाही. १९४७ साली डच फौजांनी इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकावर हल्ला केला, तेव्हा त्यांनीही त्याला ‘पोलीस कारवाई’च म्हटलं होतं. त्या कारवाईला संयुक्त राष्ट्रांत कडाडून विरोध करणाऱ्यांत आपला भारत आघाडीवर होता. पुढे १९५० मध्ये कोरियातल्या युद्धालाही अमेरिकेच्या अध्यक्षांनी हेच नाव चालवून घेतलं. म्हणजे तीन-चार वर्षांत तीन खंडांतल्या सरकारांना हा एकच सभ्य शब्द सोयीचा वाटला. हैदराबादचं विलीनीकरण चूक होतं असं मला म्हणायचं नाही, हे इथेच स्पष्ट करतो. चारही बाजूंनी भारताने वेढलेलं, बहुसंख्य प्रजेला न विचारता चालणारं संस्थान स्वतंत्र राहणं शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं. माझा मुद्दा नावाचा आहे. ज्या घटनेचं नावच तिचा आकार लहान करतं, तिच्यात मेलेल्या माणसांना जागा कुठे मिळणार? पोलिसांच्या कारवाईत माणसं पकडली जातात. गावंच्या गावं ओस पडत नाहीत.



गावं ओस पडली होती, हे आपल्याला कोणा पाकिस्तानी पत्रकाकडून कळलेलं नाही. भारत सरकारच्या सांगण्यावरून हैदराबादेत गेलेल्या तीन माणसांनी ते लिहून ठेवलं आहे.

पंडित सुंदरलाल हे गांधीजींच्या वर्तुळातले कार्यकर्ते. ‘भारत में अंग्रेज़ी राज’ या त्यांच्या ग्रंथावर इंग्रजांनी १९२९ मध्ये बंदी घातली होती. दुसरे काझी अब्दुल गफ्फार, उर्दूतले नामवंत लेखक आणि हैदराबादच्या ‘पयाम’ या दैनिकाचे संपादक. तिसरे मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हे लोक संस्थानात फिरले. सोळांपैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची ठिकाणं, एकवीस गावं-शहरं आणि तेवीस महत्त्वाची खेडी त्यांनी पाहिली. ज्या खेड्यांत जाता आलं नाही अशा १०९ ठिकाणच्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. तीन आठवड्यांच्या मानाने हे काम थोडं नाही.

त्यांचा निष्कर्ष असा, की अगदी हात राखून अंदाज केला तरी पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त हानी झालेले चार जिल्हे त्यांनी दिले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून कमी माणसं मेली नसावीत, असं त्यांना आढळलं. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक हे त्यानंतरचे.

इथे आजच्या वाचकाची थोडी गफलत होते. लातूर या यादीत कुठे आहे? लातूर जिल्हा १९८२ साली झाला. १९४८ मध्ये लातूर शहर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग बिदर जिल्ह्यात. म्हणजे सर्वांत जास्त भाजलेल्या चारपैकी दोन जिल्ह्यांचे तुकडे जोडून आजचा लातूर जिल्हा बनला आहे, आणि तिसरा जिल्हा नांदेड त्याला लागूनच आहे.

लातूर शहराबद्दल अहवालात वेगळा मजकूर आहे. मोठी बाजारपेठ, सधन कच्छी मुसलमान व्यापारी. तिथे मारकाट वीसहून अधिक दिवस चालली. शहरात सुमारे दहा हजार मुसलमान होते, समिती पोहोचली तेव्हा जेमतेम तीन हजार दिसले. हजाराहून अधिक मारले गेले होते. बाकीचे अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले होते.

वीस दिवस. निजामाने शरणागती पत्करल्यावर युद्ध संपलं होतं, शहर भारत सरकारच्या अमलाखाली आलं होतं. त्या अमलाखालचे वीस दिवस. माझं लक्ष आकड्यांपेक्षा या दिवसांवर जास्त खिळतं. आकड्यांवर वाद घालता येतो, आणि इतिहासकार घालतातही. पण एका व्यापारी शहरात तीन आठवडे माणसं मारली जातात आणि ते थांबत नाही, ही गोष्ट आकडा बदलल्याने बदलत नाही.

अहवाल एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं. त्यात रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांची नोंद आहे. लष्कराची शिस्त आणि वागणूक सर्वसाधारणपणे चांगली असल्याचं त्यात म्हटलं आहे, आणि त्याचबरोबर काही ठिकाणी सशस्त्र दलांतल्या माणसांनी मुसलमान पुरुषांना घराबाहेर काढून थंडपणे ठार केल्याचंही. सोलापूर आणि इतर ठिकाणांहून शिरलेल्या शस्त्रधारी टोळ्यांचा त्यात उल्लेख आहे. प्रेतांनी भरलेल्या विहिरी आहेत, बायकांनी विहिरीत घेतलेल्या उड्या आहेत, सक्तीची धर्मांतरं आहेत. आणि आपल्या शेजाऱ्यांना वाचवताना जिवावर उदार झालेले हिंदूही आहेत. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिल्याचा दाखला त्यात आहे. मागाला माग लागून असलेल्या वस्तीत काय घडलं असेल, याचा अंदाज ज्यांनी अशा गल्ल्या पाहिल्या आहेत ते करू शकतात.

हा अहवाल सरकारला सादर झाला आणि प्रसिद्ध झाला नाही. सरदार पटेलांना तो अजिबात पसंत पडला नाही. नेहरूंना आतून हादरा बसला होता, पण त्यांनीही तो लोकांपुढे ठेवला नाही. ज्या सुंदरलालांच्या ग्रंथावर परक्या सरकारने बंदी घातली, त्यांच्याच अहवालावर आपल्या सरकारने बंदीसुद्धा घातली नाही. नुसता कपाटात ठेवला. बंदी घातली की निदान लोकांना कळतं की काहीतरी आहे. ‘हश अप’ म्हणतात ते याला.

अभ्यासकांपर्यंत मात्र काही ना काही झिरपत राहिलं. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या इस्लामच्या कॅनेडियन अभ्यासकाने १९५० मध्येच या शोकांतिकेवर लेख लिहिला होता. ओमर खालिदी यांनी १९८८ च्या पुस्तकात ही सामग्री आणली. ए. जी. नूरानी यांनी २००१ मध्ये अहवालातला भाग मासिकात छापला आणि २०१३ च्या पुस्तकात पूर्ण संहिता दिली. त्याच वर्षी बीबीसीने बातमी केली आणि मग आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना ‘धक्का’ बसला. हे सगळं इंग्रजीत. घटना घडली मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या माणसांवर, नोंद झाली इंग्रजीत, आणि पासष्ट वर्षांनी बाहेर आली तीही इंग्रजीत. लातूरच्या गंजगोलाईत कोणाला विचारलं असतं तर धक्का बसला नसता.



पण लातूरच्या गंजगोलाईत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं का? हा सरकारबाहेरचा, घरातला हश.

आमच्या घरात ‘ॲक्शन’ हा शब्द होता, पण त्याला पुढचं वाक्य नव्हतं. दादी तारखा त्यावरून मोजायची. कोणाचं बाळंतपण, कोणाची म्हैस, कोणती विहीर कधी खोदली. आम्ही मुलांनी ‘मग काय झालं होतं?’ असं विचारलं की ती म्हणायची, ‘चुप बैठ रे, वो बाताँ नको.’ ती रागावून म्हणत नसे. डोक्यावरून हात फिरवत म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, तिला आठवत नसेल. मोठा झाल्यावर वाटलं, तिला भीती वाटत असेल. आता तिच्या वयाच्या इतर बायकांशी बोलल्यावर वाटतं की ती आम्हाला उगी करत होती. ज्या शाळेत आम्ही जाणार, ज्या दुकानदाराकडून उधारीवर किराणा आणणार, ज्यांच्या शेतात सालाने राहणार, त्या माणसांकडे आम्ही कोणत्या नजरेने पाहावं हे ती ठरवत होती. ‘तुझ्या आजोबांना अमक्याच्या बापाने’ असं एक वाक्य पुरलं असतं आणि आमचं गावात राहणं अवघड झालं असतं.

हे राहणं महत्त्वाचं आहे. ज्यांना कराचीला जाता आलं ते गेले. ज्यांना हैदराबाद शहरात नातेवाईक होते ते तिकडे सरकले. जे नांदेड-लातूरच्या खेड्यांत परत आले, त्यांनी त्याच वेशीतून आत पाऊल टाकलं. निजामाच्या नोकऱ्या गेल्या, सरकारी कारभाराची उर्दू गेली, पुढे १९५६ मध्ये संस्थानाचे तुकडे होऊन आपण मुंबई राज्यात आलो. पोरांना मराठी शाळेत घातलं. आज मी हा लेख मराठीत लिहितो आहे, त्याच्या मुळाशी तो निर्णय आहे. दादीच्या पिढीने भाषा बदलली, पण जुन्या भाषेतला तो एक धडा नव्या भाषेत उतरवला नाही. मला ते शहाणपण वाटतं. त्याची किंमत मोठी होती, हेही खरं.

किंमत अशी, की घरच्यांनी उगी केलेल्या पोराला बाहेरचे गुन्हेगार ठरवू लागले तेव्हा त्याच्यापाशी सांगायला काही नव्हतं. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमारास, ‘रझाकार’ ही शिवी गल्लीत आणि आता मोबाइलवर फिरते. आपलं पोर मान खाली घालतं. त्याला रझाकारांचं पाप माहीत असतं, कारण ते पुस्तकात आहे. त्याच्या पणजोबाचं काय झालं ते माहीत नसतं, कारण ते कुठेच नाही. आणि उर्दूत म्हणतातच, ‘ख़ामोशी नीम रज़ा’, गप्प राहिला म्हणजे अर्धा कबूल झाला. पोर गप्प, म्हणजे पोर कबूल.



इथवर वाचून मान डोलावणाऱ्या माझ्या बिरादरीतल्या वाचकांना आता थोडं थांबायला सांगतो. हश आपणही केला आहे.

कासिम रझवी लातूरचा. अलीगढला शिकलेला, लातुरात वकिली करणारा. त्याच्या भाषणांनी आणि त्याच्या रझाकारांनी मराठवाड्यात काय केलं, हे ‘इतरांनी लिहिलेला इतिहास’ म्हणून झटकता येत नाही. २९ ऑक्टोबर १९४६ ला नांदेड जिल्ह्यात बिलोलीजवळ अर्जापूर इथे गोविंदराव पानसरे या कार्यकर्त्याचा खून झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतात. (कोल्हापूरचे कॉम्रेड पानसरे वेगळे. नावसाधर्म्यामुळे गोंधळ होतो.) त्यानंतरची दोन वर्षं गावं जाळणं, लूट, खंडणी यांची आहेत. ज्यांची घरं जळाली त्यांच्या नातवंडांनाही त्यांच्या आजीने काहीतरी सांगितलं असेल, किंवा सांगितलं नसेल.

आपल्या घरांत या दोन वर्षांवर काय बोललं जातं? ‘ते बाहेरचे लोक होते.’ ‘आपल्या गावचा कोणी नव्हता.’ काही गावांत हे खरंही असेल. सगळ्याच गावांत कसं खरं असेल?

गंमत म्हणजे, या चुप्पीत आपली सर्वांत चांगली माणसंही बुडाली. ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला रात्री गाठून मारलं, लिहिणारा हात तोडला. ॲक्शनला तेव्हा महिनाही उरला नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये सात मुसलमानांनी सही करून रझाकार संघटना बरखास्त करण्याची मागणी केली होती आणि शोएबुल्लाने ती छापली होती. त्या सातांत फरीद मिर्झा होते. निजामाच्या महसूल खात्यातले अधिकारी, नेमणूक नांदेड जिल्ह्यात. रझाकारांची करणी डोळ्यांनी पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता. पुढे त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. नांदेडमध्ये किती मुसलमान मुलांना त्यांचं नाव माहीत आहे? कासिम रझवीचं नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणवाल्यांना त्याची गरज आहे, आणि आपल्यातल्या काही अर्धवट जोशिल्या पोरांनाही.

रझवीवर खटले चालले, शिक्षा झाली, १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. १९७० मध्ये तिथेच मेला, अंथरुणावर. लातूरच्या ज्या कच्छी दुकानदारांनी आयुष्यात तराजूखेरीज काही हातात धरलं नव्हतं, त्यांचा हिशेब आधीच झाला होता.



बोलणं आणि गप्प राहणं यावर आपल्या दीनमध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. मशिदीत जुम्याच्या बयानात पहिली गोष्ट नेहमी ऐकू येते: बोलायचं तर भलं बोलावं, नाहीतर गप्प राहावं, अशा आशयाची हदीस. दुसरी कमी ऐकू येते. सूरह बकराच्या अखेरीस, देण्याघेण्याची लिखापढी कशी करावी हे सांगताना, साक्ष लपवू नका असा हुकूम आहे, आणि लपवणाऱ्याचं दिल गुन्हेगार ठरवलं आहे. अरबीत लपवण्याला ‘कित्मान’ म्हणतात. सब्र वेगळा, कित्मान वेगळा.

दादीचं चूप राहणं सब्र होतं, असं मी मानतो. तिच्यावर कर्ज होतं लहान मुलांचं, आणि तिने ते फेडलं. पण आता त्या मुलांची मुलं पन्नाशीची झाली. आता कोणाला उगी करायचं आहे? तोच सब्र तिसऱ्या पिढीत तसाच चालू ठेवला तर तो कधी कित्मान होतो, ते आपल्यालाही कळत नाही. अर्जापूरची साक्ष लपवणं आणि लातूरची साक्ष लपवणं, माझ्या हिशेबी दोन्ही एकाच कलमाखाली येतात. एक सांगायची आणि दुसरी गिळायची असं करणाऱ्यांचं मला पटत नाही, मग ते कोणत्याही बाजूचे असोत.

‘जुनं उकरून काय मिळणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, बहुतेक वेळा भल्या माणसांकडून. उकरणं चालूच आहे, दरवर्षी सप्टेंबरात. तेलंगणात तर २०२२ पासून त्या एकाच दिवसाला केंद्र सरकार ‘मुक्ती दिन’ म्हणतं आणि तेव्हाच्या राज्य सरकारने ‘एकात्मता दिन’ म्हटलं. फक्त त्या उकरण्यात निम्मीच जमीन येते. माझ्या मनात कोणावर खटला नाही. मारणारे गेले, वाचलेले बहुतेक गेले. मला हवी आहे ती यादी. कोणत्या गावात किती, कोणती विहीर, कोणी मारलं यापेक्षा कोणी लपवलं. अफसर मोहम्मद यांनी तेलंगणाच्या बाजूच्या आठवणींवर अलीकडे इंग्रजीत पुस्तक केलं आहे. तेवढं काम मराठवाड्यात, मराठीत, अजून माझ्या पाहण्यात नाही.

माणसं फार उरली नाहीत. ॲक्शनच्या वेळी जो दहा वर्षांचा होता तो आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. मी गेल्या काही वर्षांत जमेल तसं अशा माणसांकडे जाऊन बसतो. त्यातून एक गोष्ट शिकलो, ती ज्यांना हे काम करायचं असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. ‘पोलीस ॲक्शनमध्ये काय झालं?’ असं विचारू नका. त्याला ‘कुछ नै हुआ’ हे एकच उत्तर येतं, आणि मग चहा येतो. मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करू नका, लाल ठिपका दिसला की बोलणं बंद होतं. सून-नातवंडं खोलीत असतील तर ती जाईपर्यंत थांबा. म्हातारी माणसं अजूनही पोरांसमोर बोलत नाहीत.

दुसरंच काहीतरी विचारा. हिजरी सन १३६७ ची बकरी ईद ऑक्टोबरच्या मध्यात आली होती, ॲक्शननंतर बरोबर महिन्याने. मी विचारतो, ‘त्या साली बकरी ईद कुठे केली?’ हा प्रश्न साधा आहे, सणाचा आहे, त्यात कोणावर आरोप नाही. नांदेड जिल्ह्यातल्या एका बाईंना मी तो विचारला. त्या बराच वेळ पानाच्या डब्याचं झाकण उघडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पाटलाच्या वाड्यात. कडब्याच्या खोलीत. पाटलीनबाईनं शिरखुर्मा करून धाडला होता.’ बकरी ईदला शिरखुर्मा नसतो, तो रमजान ईदचा. पाटलीनबाईंना दोन ईदमधला फरक ठाऊक नव्हता. ‘आम्ही काही बोललो नाही,’ त्या म्हणाल्या, ‘गपचिप खाल्ला.’